‘तू कुठला?’ हा प्रश्न आणि बॉइल हाइट्समध्ये वाढलेला नवरा

‘माझा नवरा मेक्सिकन-अमेरिकन आहे. लॉस एंजेलिसच्या बॉइल हाइट्समध्ये वाढला. त्याचा सतरा वर्षांचा थोरला भाऊ तिथेच १९९१ साली गोळी लागून गेला. तरीही याच्या तोंडी सारखं त्याच वस्तीचं कौतुक. आम्ही आता तिथून तासाभराच्या अंतरावर, चांगल्या शाळा असलेल्या गावात राहतो, आणि हा रविवार आला की तिकडे निघतो. चौदा वर्षांचा मुलगा वहीवर जुन्या वळणाची इंग्रजी अक्षरं गिरवतो. ऑनलाइन खेळात त्याने स्वतःचं नावसुद्धा त्या वस्तीवरून घेतलंय. भरीला, नवऱ्याच्या आजीचं भाड्याचं घर विकायला निघालंय आणि त्याला ते घ्यायचंय. जिथून जीव वाचवून बाहेर पडला तिथलाच अभिमान? हे काही मानसिक आहे का? आणि मुलगा बिघडेल का?’

हे विचारणाऱ्या बाई मराठी, लालबागच्या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन कुटुंबांचे अनुभव एकात गुंफले आहेत. प्रश्न मात्र आमच्याकडे, समुपदेशकांकडे, पुनःपुन्हा येणारा आहे. खडतर वस्तीत वाढलेल्या माणसाशी लग्न केलेल्यांकडून येतो, तसाच त्या माणसांच्या मुलांकडूनही.

आठवणींत रमणं हा आजार नाही. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली एका स्विस वैद्याने घरापासून दूर गेलेल्यांच्या दुखण्यासाठी घडवला हे खरं. पण गेल्या वीस वर्षांत इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात यावर बरंच काम झालंय आणि ते उलट सांगतं. माणूस एकटा पडला की जुन्या आठवणींकडे वळतो आणि त्यानंतर त्याला आपली माणसं जवळ असल्यासारखं वाटतं. त्यामुळे ‘हा का आठवतो’ यापेक्षा ‘हा कधी आठवतो, आणि त्यानंतर याचं काय होतं’ हे पाहणं उपयोगाचं.

म्हणून बाईंना पहिल्याच भेटीत दोन आठवड्यांची नोंदवही ठेवायला सांगितली. चार रकाने: आठवण कशामुळे निघाली, ते काय बोलले, चेहरा आणि शरीर कसं होतं, त्या रात्री झोप कशी लागली. मत लिहायचं नाही, फक्त दिसलं ते लिहायचं. ‘पुन्हा तेच पुराण सुरू’ ही नोंद नव्हे. ‘रविवार सकाळ, मेनुदोचा, म्हणजे मेक्सिकन मांसाच्या रश्श्याचा वास, आईच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितली, हसले, बहिणीला फोन केला, रात्री सात तास झोप’ ही नोंद.

चौदा दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या तेव्हा त्यात दोन वेगळी माणसं दिसली. पहिला वरच्यासारखा. दुसरा, घरावरून हेलिकॉप्टर गेलं की गप्प होणारा, हॉटेलात भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसणारा, पहाटे तीनला उठून खिडक्या तपासणारा. बाई या दोन्हींना एकच नाव देत होत्या: ‘त्याचं बॉइल हाइट्स’. खरी गफलत इथे होती. कौतुक आणि धास्ती एकाच जागेतून येतात, म्हणून ती एकच गोष्ट वाटते.

एक नोंद जुनी होती, दोन वर्षांपूर्वीची, पण त्यांना विसरता येत नव्हती म्हणून लिहिलेली. मंडळाच्या गणपतीत एका काकांनी हसत, आपुलकीने विचारलं होतं, ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ नवरा ताठ झाला. काकांच्या चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघत राहिला. ‘नोव्हेअर’ एवढंच म्हणाला आणि बाहेर गाडीत जाऊन बसला. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला आपली माणसं आवडत नाहीत, किंवा परका म्हणून हिणवल्यासारखं वाटलं, असं त्या दोन वर्षं धरून चालल्या होत्या.

आपल्याकडे ‘गाव कोणतं?’ ही ओळखीची पहिली पायरी. त्यावरून तालुका निघतो, मग आडनाव, मग कुणीतरी ओळखीचं. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये, विशेषतः ऐंशी-नव्वदच्या दशकांत, अनोळखी पोरांनी रस्त्यात अडवून हेच शब्द विचारले तर त्याचा अर्थ एकच: कुठल्या टोळीचा? या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतं. दुसऱ्या टोळीचं नाव घेतलं तर संपलं. नुसतं राहत्या रस्त्याचं नाव सांगितलं तरी ते टोळीचं नाव ठरू शकतं. ज्यांचा कशाशी संबंध नाही ती मुलं ‘नोव्हेअर’, कुठलाच नाही, असं म्हणायला शिकत. भावाला बसथांब्यावर हाच प्रश्न विचारला गेला होता आणि त्याने सरळपणे आपण राहतो तो रस्ता सांगितला होता. तेरा वर्षांचा धाकटा शेजारी उभा होता.

हे बाईंना लग्नाच्या सोळा वर्षांत माहीत नव्हतं. भाऊ ‘गोळीबारात’ गेला एवढंच माहीत होतं.

दुसऱ्या भेटीला पती एकटे आले. अशा वेळी सरळ आघाताकडे जाऊ नये. आधी जे अभिमानाने सांगता येतं ते पुरतं सांगू द्यावं, आणि ऐकणाऱ्याने त्या जागेची थोडी माहिती आधीच करून घेतलेली असावी. ‘म्हणजे झोपडपट्टी का?’ असं विचारणाऱ्या समुपदेशकाकडे माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

बॉइल हाइट्स हे लॉस एंजेलिस नदीच्या पूर्वेला, शहराच्या हद्दीत. त्याला लागून पूर्व लॉस एंजेलिस, ते शहराच्या हद्दीबाहेर, काउंटीच्या अखत्यारीत. शहराच्या इतर भागांत घर विकताना ‘फक्त गोऱ्यांना’ अशी अट करारात घातली जायची, त्या काळात ज्यांना दुसरीकडे जागा मिळत नव्हती ते इथे येत: ज्यू, जपानी, रशियन, मेक्सिकन. १९३९ साली सरकारी गृहकर्जासाठी नकाशे झाले, त्यात नेमक्या या सरमिसळीमुळे वस्ती लाल रंगात, म्हणजे सर्वात खालच्या प्रतीत टाकली गेली. कर्ज नाही, म्हणून दुरुस्ती नाही, म्हणून भाव नाही. जपानी शेजारी १९४२ साली, महायुद्धात, नजरकैदेच्या छावण्यांत नेले गेले. पुढे महामार्ग आले. एकामागून एक मोठे रस्ते याच वस्तीच्या अंगावरून गेले, हजारो घरं पडली, आणि त्यांचा अवाढव्य गुंता आजही वस्तीच्या उशाला आहे. मार्च १९६८ मध्ये इथल्या शाळांतली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्यांत मेक्सिकन-अमेरिकन इतिहास आणि द्विभाषिक शिक्षण होतं. शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून शिक्षा होण्याचा तो काळ.

म्हणजे टोळ्या आकाशातून पडल्या नाहीत, आणि अभिमानही नाही. पतींचं बालपण अलिसो व्हिलेजमध्ये गेलं. १९४०च्या दशकात बांधलेली सरकारी वसाहत, शेजारी पिको गार्डन्स. या भागात टोळ्यांची इतकी गर्दी होती की शाळेत जायचा सरळ रस्ता आणि सुरक्षित रस्ता वेगवेगळे असत. १९९२ साली एकट्या लॉस एंजेलिस शहरात हजाराहून जास्त खून झाले. त्याच वर्षांत, त्याच गल्ल्यांत, डोलोरेस मिशन चर्चशी जोडलेल्या आया रात्री घोळक्याने टोळ्यांच्या मधून शांतपणे चालत जात. चर्चने बेघर माणसांना रात्री झोपायला दार उघडलं. तिथले पाद्री ग्रेगरी बॉइल यांनी १९८८ साली टोळीतल्या मुलांना काम मिळवून देण्यापासून सुरुवात केली, १९९२ साली बेकरी काढली. त्यातून उभी राहिलेली होमबॉय इंडस्ट्रीज आजही तुरुंगातून सुटलेल्यांना काम देते आणि अंगावरचे टोळीचे गोंदण मोफत काढून देते.

पती सांगत होते ते याहून बारीक. आई रात्रपाळीला गेली की वरच्या मजल्यावरच्या कोमाद्रेने, म्हणजे आईच्या धर्माच्या बहिणीने, न विचारता जेवायला घातलेलं. पालेतेरोची, बर्फाच्या कांड्या विकणाऱ्याची घंटा. डिसेंबरच्या पहाटेचं चंपुर्रादो, मक्याच्या पिठाचं गरम चॉकलेट. रूझवेल्ट आणि गारफील्ड या दोन शाळांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना, १९२५ पासूनचा, ज्याला वीस हजारांवर माणूस लोटतं. व्हिटियर बुलेवार्डवर रविवारी रांगत जाणाऱ्या लो-रायडर, म्हणजे जमिनीलगत खाली आणलेल्या गाड्या. १९५८ साली कॅलिफोर्नियाने फार खाली आणलेल्या गाड्यांवर बंदी घातली, तर पुढच्याच वर्षी एका पोराने विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवून अशी गाडी केली की पोलीस दिसला की वर, गेला की खाली. हे सांगताना पतींचा चेहरा बारा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. अशा फिरण्यावरच्या स्थानिक बंद्या १ जानेवारी २०२४ पासून राज्याच्या कायद्याने उठल्या, त्याचा आनंद त्यांना बढतीपेक्षा जास्त झाला होता.

आता मोजमाप. बालपणीच्या आघातांची दहा प्रश्नांची जी यादी सगळीकडे वापरली जाते, तिच्यात पतींना एकच गुण आला, वडील घर सोडून गेले त्याचा. कारण ती यादी घराच्या उंबऱ्याच्या आतलं विचारते, रस्त्यावर काय पाहिलं ते विचारत नाही. फिलाडेल्फियात नंतर वाढवलेल्या यादीत वस्तीतली असुरक्षितता आणि डोळ्यांदेखत पाहिलेली हिंसा आली, ती वापरली की चित्र पालटतं. अशा वस्तीत वाढलेल्या माणसाला फक्त जुनी यादी देऊन ‘तुमचं बालपण ठीक होतं’ म्हणणं ही चूक वारंवार होते. त्यासोबत आघातोत्तर ताणाची वीस प्रश्नांची पीसीएल-५ ही प्रश्नावली दिली. ८० पैकी ३१ ते ३३ च्या पुढे गुण गेले की सखोल तपासणी हवी असं धरतात. त्यांचे ४१ आले. हे निदान नव्हे, तपासणीची चिठ्ठी आहे. आघातावर काम करणाऱ्या, स्पॅनिश जाणणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे त्यांना पाठवलं. आत्महत्येचे विचार, दारू आणि घरात शस्त्र आहे का, हे तिन्ही त्याच दिवशी सरळ शब्दांत विचारलं. (अमेरिकेत संकटाच्या वेळी ९८८ हा क्रमांक, स्पॅनिशसाठी त्यावर २ दाबायचा, भारतात टेलि-मानसचा १४४१६.)

बाईंना सांगितलं ते असं: उपचार बसथांब्याला लागतील, कोमाद्रेला नाही. तुम्ही दोन्हींवर एकदम हात फिरवायला गेलात तर ते दोन्ही लपवतील.

पुढचं काम दोरीचं. आघातग्रस्तांसाठीच्या कथनोपचारात ही पद्धत वापरतात. तीनेक मीटरची जाड दोरी जमिनीवर पसरायची. एक टोक जन्म. दुसऱ्या टोकाचं वेटोळं तसंच ठेवायचं, ते पुढचं आयुष्य. चांगल्या घटनांना फुलं, वाईट घटनांना दगड, मोठ्या घटनेला मोठा. गेलेल्या माणसांसाठी मेणबत्ती ठेवता येते. स्वतःच्या हातून दुसऱ्याला इजा झाली असेल तर काडी. क्रमाने, जन्मापासून आजपर्यंत, प्रत्येक वस्तूला फक्त नाव, जागा आणि साल. एकाच बैठकीत, दीड ते दोन तासांत पूर्ण करायचं. अर्ध्यावर सोडली तर माणूस नेमका दगडापाशी अडकून घरी जातो.

यात बिघडतं ते साधारण एकाच ठिकाणी. मोठा दगड ठेवताना माणूस त्याची पूर्ण कहाणी सांगू लागतो, श्वास वाढतो, नजर थिजते. तिथे थांबवावं लागतं, आणि ते प्रेमाने पण ठामपणे. ‘याचं नाव काय ठेवू? कुठला महिना? बरं. पाय जमिनीला टेकलेत ना? पुढचं काय?’ तपशील पुढच्या बैठकांसाठी, तेही प्रशिक्षित उपचारकासमोर. घरच्या घरी जोडीदाराने दोरी घेऊन बसू नये. कुतूहलापोटी केलेली ही गोष्ट महागात पडते.

पतींच्या दोरीवर सर्वात दाटी होती ती १९८८ ते १९९२ या वर्षांत. पाच वर्षांत अकरा फुलं आणि सहा दगड, एकमेकांना चिकटून. बसथांब्याच्या दगडाच्या दोन बोटांवर एक फूल: भावाच्या अंत्यविधीचा खर्च शेजाऱ्यांनी गाड्या धुऊन आणि तमाले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले मुटके, विकून उभा केला, ते. स्वतःच ठेवलेल्या त्या फुलाकडे ते बराच वेळ बघत राहिले. अभिमान कशाचा, याचं उत्तर बाईंना शब्दांत सांगावं लागलं नाही. पुढच्या जोडभेटीत पतींच्या परवानगीने दोरीचा फोटो त्यांना दाखवला, एवढंच.

अलिसो व्हिलेज नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पाडली गेली. तिथे आता नवी, देखणी वसाहत आहे. या माणसाला परत जायला जागाच नाही, त्यामुळे तो सबंध वस्तीवर हक्क सांगत फिरतो. घर विकत घ्यायचा हट्ट यातूनच आलेला. त्याकडे नंतर येऊ, आधी मुलगा.

मुलाला काय माहीत होतं? वस्तीचं नाव, अक्षरांचं वळण, काकाचा एक फोटो आणि ‘तुझा काका शूर होता’ हे वाक्य. बस. तपशील नसले की पोरं घोषवाक्य उचलतात. तो वाईट संगतीला लागला होता का? तपासायला कपडे उपयोगाचे नाहीत. डिकीजची पँट, कॉर्तेझ बूट, जुनी अक्षरं ही आज जगभरची फॅशन आहे. पाहायचं ते हे: अचानक आलेला पैसा किंवा दुसरा फोन, मित्र घरी न येणं, ठरावीक रस्ते किंवा मुलं टाळणं, टोपणनावाने ओळख करून देणं, दुसऱ्या गटाचं नाव लिहून त्यावर काट मारणं, शाळेला दांड्या, शस्त्रासोबत फोटो. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर शाळेच्या समुपदेशकाला त्याच आठवड्यात भेटा. या मुलात एकही नव्हती. मात्र बोटांच्या खुणा करून काढलेला एक फोटो त्याने टाकला होता. तो काढायला लावला, आणि कारण नीट समजावून. त्या खुणा ज्यांच्या आहेत ते गंमत समजत नाहीत. शिवाय पोलीस टोळीसदस्यांची नोंद ठेवतात, त्यात असे फोटो विचारात घेतले गेले आहेत. कॅलिफोर्नियात अठराखालील मुलाचं नाव त्यात घालण्याआधी पालकांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. असं पत्र आलं तर ते बाजूला टाकू नका, त्याला उत्तर देता येतं.

वडिलांनी मुलाला काय सांगायचं? सगळं, पण वयाच्या मापाने. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात कुटुंबाच्या गोष्टी आणि मुलं यांवर अभ्यास झालाय. ‘आईवडील कुठे भेटले’, ‘आजोबांवर कुठलं संकट आलं’ असे वीस प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं ठाऊक त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त आढळला. नुसती प्रश्नोत्तरं पाठ करून हे घडत नाही, मागे बोलणारं घर असावं लागतं. आणि तिथल्या संशोधकांना घरोघरीच्या गोष्टींचे तीन आकार दिसले: आम्ही चढत गेलो, आम्ही घसरलो, आणि आम्ही चढलो-पडलो-पुन्हा उभे राहिलो. मुलांच्या अंगी सर्वात लागतो तो तिसरा. या घरात वडील फक्त पहिला सांगत होते आणि आई मनातल्या मनात दुसरा.

‘शूर होता’ हे वाक्य काढून टाकलं. त्याऐवजी वडिलांनी सांगितलं: काका सतरा वर्षांचा होता, त्याला ड्रम वाजवायला यायचं नाही तरी वाजवायचा, तो कुठल्याही टोळीत नव्हता, त्याने फक्त रस्त्याचं नाव सांगितलं. मग आजी दोन वर्षं पुढच्या खोलीत झोपली नाही. मुलाने त्या रात्री खेळातलं नाव स्वतःहून बदललं. कुणी सांगितलं नव्हतं.

मग एक शनिवार, चौघांनी मिळून. पहिला प्रयत्न फसला होता, कारण वडिलांनी पाच तासांत सगळं दाखवायचं ठरवलं, दहा वर्षांची मुलगी कंटाळून रडली, आणि शेवटी ते एकटेच बसथांब्यापाशी जाऊन उभे राहिले. दुसऱ्यांदा आराखडा कागदावर केला. सकाळी दहा ते एक, तीन तास. ई लाइन मेट्रोने पिको-अलिसो स्थानकावर उतरायचं, कारण तिथून जुन्या वसाहतीची जागा पायी आहे. डोलोरेस मिशनचं अंगण. फर्स्ट स्ट्रीटने चालत मारियाची प्लाझा, जिथे काम मिळण्याची वाट बघत मारियाची, म्हणजे मेक्सिकन गवय्ये, चारो या पारंपरिक घोडेस्वारी पोशाखात उभे असतात, मागे १८८९ सालचं बॉइल हॉटेल. ही झाली फुलं. मधे एकच दगड: बसथांबा, दहा मिनिटं, आणि तिथे बोलायचं की नाही हे वडिलांनी तिथे ठरवायचं. ‘पुरे’ म्हणायचा एक शब्द आधी ठरलेला. परतताना मारियाची प्लाझालाच मेट्रोत चढायचं, कालव्हारी दफनभूमी त्या दिवशी नाही. शेवट खाण्याने, पान दुल्से म्हणजे गोड पाव आणि कॉफी. अशा भेटीचा शेवट दगडावर करू नये, घरी येईपर्यंतचा तास जड जातो. मेट्रोनंतर घरापर्यंत मोटार चालवायची ती आईने. अनोळखी माणसांचे फोटो नाहीत. रस्त्यात कुणी वडिलांना ओळखलं तर मुलांनी घाई करायची नाही. (ओळखलंच. प्लाझावरच्या एका वयस्क बाईंनी त्यांना लहानपणीच्या नावाने हाक मारली. कार्यक्रम चाळीस मिनिटं लांबला, ते योग्यच झालं.)

चौथ्या जोडभेटीत बाई अचानक म्हणाल्या, ‘मी मुलांना लालबागचं काहीच सांगितलेलं नाही.’ वडील गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्या पोटात होत्या. संप रीतसर कधी मिटलाच नाही. मग दहा बाय बाराची खोली विकून डोंबिवली. मंडळात कुणी विचारलं की त्या ‘डोंबिवली’ म्हणतात, त्याआधीचं गाळून. खालच्या मजल्यावरच्या पोराचं टोळीयुद्धात काय झालं हे त्यांनाही ठाऊक आहे. नवरा सगळं सांगत सुटतो याचा राग होता त्यात किती भाग आपण काहीच सांगत नाही याचा, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. इथे आम्ही फार काही केलं नाही. दुसरी दोरी दिली.

आता घर. आजी राहायची ते ऑलिंपिक बुलेवार्ड आणि लोरेना स्ट्रीटच्या बाजूला. पतींना तीन कोरे कागद दिले: ‘घर हवं’, ‘अंगण हवं’, ‘आजी हवी’. ज्या कागदाखाली जे येतं ते लिहायचं. पहिला जवळजवळ कोरा राहिला. तरी व्यवहाराचं बोलणं झालंच पाहिजे, कारण भावनेच्या भरात सही करणारे आम्ही पाहिलेत. १९७८च्या आधीचं घर म्हणजे रंगात शिसं असण्याची शक्यता. अशा घराच्या विक्रीत विकणाऱ्याने माहीत असलेलं उघड करणं आणि घेणाऱ्याला तपासणीसाठी दहा दिवस देणं संघराज्याच्या कायद्याने लागतं. शिवाय शेजारच्या व्हर्ननमधल्या, २०१५ साली बंद झालेल्या बॅटरी वितळवण्याच्या कारखान्यामुळे १.७ मैलांच्या परिघातल्या अंगणांत शिसं तपासून माती बदलण्याचं काम राज्याने हाती घेतलं. हे घर त्या परिघात. कॅलिफोर्निया राहत्या जागेच्या मातीसाठी शिशाची ८० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ८० भाग, ही पडताळणीची रेषा धरतो. अहवाल मागितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि त्या घरात आज मेक्सिकोतल्या पुएब्लाहून आलेलं एक कुटुंब भाड्याने राहतं, तीन मुलं. ते कळल्यावर पती थांबले. ज्या वस्तीने आपल्याला बाहेर ढकललं नाही, तिथून आपणच कुणाला बाहेर काढायचं का, हा प्रश्न त्यांनी आमच्यासमोर मांडला नाही, बायकोसमोर गाडीत मांडला. घर घेतलं नाही.

‘अंगण हवं’ या कागदावर पहिली ओळ होती नोपाल, आजीचा फड्या निवडुंग, ज्याचे कोवळे फड ती अंड्यांत परतायची. त्याचीच एक फांदी पूर्वी मावशीने दुसऱ्या गावी नेऊन लावली होती. तिथून एक फड आणला. कापलेली बाजू आठ-दहा दिवस सावलीत वाळू द्यायची, नाहीतर कुजतो. मग एक तृतीयांश भाग पाणी निचरणाऱ्या मातीत पुरायचा आणि सुरुवातीचे काही आठवडे पाणी घालायचं नाही. आपल्याकडे निवडुंग कुंपणाला चालतो, दारात कोण लावतं, असं बाईंच्या आईने व्हिडिओवर ऐकवलं. कुंपणालाच लावला.

बसथांब्यावरचं काम अजून चालू आहे. चार जुलैच्या, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांना पती आजही हादरतात. त्या रात्री खिडक्या बंद, मोठा पंखा चालू, आणि साडेआठच्या आत ‘हे फटाके आहेत’ असं मुलगा मोठ्याने सांगतो, असा ठराव घरात झालाय. गणपतीत बाईंनी नवऱ्यासाठी भिंतीलगतची, दाराकडे तोंड असलेली खुर्ची धरून ठेवली आणि त्या काकांना आधीच गाठून सांगितलं, ‘कुठले म्हणून विचारू नका, लहानपण कुठे गेलं असं विचारा.’ काकांनी तसंच विचारलं. आरतीला उशीर झाला. काका मूळचे चिंचपोकळीचे निघाले, आणि त्यांनी बाईंकडे वळून विचारलं, ‘आणि तुमचं?’

‘लालबाग,’ त्या म्हणाल्या. ‘मग डोंबिवली.’